अस्तरावरचे डाग

"पाय दाखव," असं नवरा म्हणाला की बाईंच्या डोक्यात तिडीक जायची.

सकाळची वेळ. कारखाना उघडायला उशीर होतोय, एका हातात किल्ल्या, दुसऱ्या हातात चहाचा कप, आणि समोर हा माणूस मांडीवर टॉवेल पसरून स्टुलावर बसलेला. जणू काही पाय नाही, बाळच घ्यायचंय मांडीवर.

"बघा काय बघायचं ते. पटकन."

तो पाय हातात घेतो न घेतो तोच बाई ओढून घेत. "दिसला? आहे ना जागेवर? झालं तर मग."

बाईंना मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती. गोळ्या त्या वेळेवर घेत. चहातली साखर सोडली होती, जेवण मोजकं केलं होतं, आणि त्याबद्दल कधी कुरकुर केली नव्हती. पण हे पायाचं प्रकरण त्यांना मुळीच पटलं नव्हतं. डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाच्या. मागच्या खेपेला त्यांनी बाईंना समोर बसवून शाळेतल्या पोरीला सांगावं तसं सांगितलं होतं. तळवे रोज बघा. वाकता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. पाणी कोमटच घ्या आणि ते पायानं नाही, कोपरानं तपासा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. चपलेत पाय घालायच्या आधी आत हात फिरवा. आणि अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा.

"मी काय घोडा आहे, रोज नाल तपासायला?" बाईंनी विचारलं होतं.

डॉक्टर हसल्या नव्हत्या. "तुमच्या तळव्यांची संवेदना कमी झालीय. लागलं तर तुम्हाला कळणार नाही."

"मला? मला सगळं कळतं."

आणि ते तसं खरंच होतं. कारखान्यात कुठल्या मशीनचा पट्टा सैल झालाय ते त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. कापड हातात घेतलं की धुतल्यावर ते किती आटेल ते कळायचं. गेलं वर्षभर पायात जाड मोजे घातल्यासारखं वाटत होतं, एवढं मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. वय झालं की होतं असं, म्हणून सोडून दिलं होतं.

कारखाना म्हणजे एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरचा लांबलचक हॉल. एका भिंतीला शिलाई मशीनची रांग, मधे कापण्याचं टेबल, कोपऱ्यात इस्त्री. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत कुणी चप्पल घालून यायचं नाही, हा बाईंचाच नियम. पांढऱ्या कापडावर एकदा कुणाच्या तरी बुटाचा ठसा उमटला होता, तेव्हापासूनचा. दुरुस्तीला येणारा मशीनवालासुद्धा दारात बूट काढून मग आत यायचा.

त्या महिन्यात काम मोठं होतं. शहरातल्या नाट्यगृहाची डागडुजी झाली होती आणि रंगमंचाचा नवा पडदा बाईंकडे शिवायला आला होता. गर्द लाल मखमल, आतून दुधी रंगाचं अस्तर. एवढं कापड टेबलावर मावणं शक्यच नव्हतं. मशीन भिंतीला सरकवली, फरशी दोनदा पुसून घेतली आणि पडदा खालीच अंथरला. पोरी गुडघ्यांवर बसून टाचणं घालत होत्या. मखमल जाड, त्यात अस्तर. सुया काडकाड मोडत होत्या. सगळ्यात जुने कारागीर मामा सुई मोडली की शिवी हासडायचे आणि तुकडे डब्यात टाकायचे. सापडले तेवढे टाकायचे.

बाई दिवसभर त्या पडद्यावरून फिरत होत्या. इथे खडूची रेघ, तिथे टेप, "अगं, लव उलटी आलीय, हात फिरवून बघ की जरा!" त्यांच्या पायाला भिंगरीच होती.

दुपारी पडदा उलटून अस्तराची बाजू वर घेतली होती. संध्याकाळी त्यावर इस्त्री फिरवायला आलेली इस्त्रीवाली थबकली.

"बाई, हे काय लागलंय?"

दुधी कापडावर एक तांबूस डाग होता. पुढे आणखी एक. मग आणखी.

बाई वाकून बघतात तो रक्त. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात. बाईंची आग थेट मस्तकातच पेटली.

"कुणाच्या बोटाला लागलंय? सुई टोचली तर हात बाजूला घ्यायची अक्कल नाही? पंधरा दिवसांत पडदा द्यायचाय! हात पुढे करा. सगळ्यांनी!"

सगळ्यांनी हात पुढे केले, मामांनीसुद्धा. बाई एकेक हात उलटा-सुलटा करून बघू लागल्या. झिपरीपाशी येऊन थांबल्या. झिपरी म्हणजे त्यांच्याकडची सगळ्यात लहान कारागीर; केस कधी म्हणून आवरलेले नसत, त्यावरून सगळे तिला झिपरी म्हणत. तिच्या बोटाला पट्टी होती.

"ही बघा. ही!"

"बाई, ते कालचं आहे. घरी कापलं, भाजी चिरताना."

"खोटं बोलू नकोस."

"खोटं कशाला बोलू? पट्टी सोडून दाखवू का?"

"तोंड वर करून बोलतेस वर! एवढ्या कापडाचा सत्यानाश केलास आणि..."

झिपरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं खरंच पट्टी सोडायला घेतली. तेवढ्यात इस्त्रीवाली हळूच म्हणाली, "बाई, हे डाग बघा ना, चालत गेलेत."

आणि खरंच, डाग एका ओळीत होते. एकेका पावलाच्या अंतरावर. पडद्याच्या एका टोकापासून निघून ते कापणीच्या टेबलाला वळसा घालून जिथे बाई उभ्या होत्या तिथे येऊन थांबले होते.

"बाई, तुमचा पाय," मामा म्हणाले.

बाईंनी टेबलाला धरून पाय वर केला. टाच लालभडक झाली होती. मधोमध काहीतरी काळं, बारीक टोक दिसत होतं. सुईचा मोडका तुकडा.

बाईंना सगळ्यात आधी भीती वाटली नाही, राग आला. हा पाय आपला, आणि आपल्याला त्याची बातमी इस्त्रीवालीकडून कळावी? त्यांनी बोटानं त्या टोकाला दाबलं. काही नाही. दगडाला दाबावं तसं.

"थंड पाणी आणा," त्या म्हणाल्या.

"हो, पाय धुवायला..."

"पायाला नाही, अस्तराला! थंडच आणा, गरम पाण्यानं रक्त पक्कं बसतं. बघत काय उभ्या राहिलात?"

मामांनी मात्र बाईंना न विचारता त्यांच्या नवऱ्याला फोन लावला.

दवाखान्यात पायाचा एक्स-रे काढला, तुकडा काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तुकडा बराच आत गेला होता आणि डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार तो त्या दिवशीचा नव्हता. भोवतीची कातडी सुजून आतून खराब व्हायला लागली होती. मग त्यांनी नायलॉनचा एक बारीक तंतू घेतला.

"डोळे मिटा. पायाला लागलं की सांगा."

बाई डोळे मिटून बसल्या. बराच वेळ काही होईना तेव्हा वैतागून म्हणाल्या, "अहो, लावा ना एकदा."

"लावून झालं," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्ही पायांना."

बाईंनी डोळे उघडले. नवरा खिडकीकडे बघत होता.

टाचेवर भार टाकायचा नाही. कितीही आठवडे लागोत. एक उंच, जाड तळाचा बूट दिला. उठायचंच झालं तर तो घालून, काठीच्या आधारानं, न्हाणीघरापर्यंत. कारखान्यात जाणं बंद. "दुखत नाही हाच तर घोटाळा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "दुखलं असतं तर तुम्ही आपणहून बसला असता."

बसणं! बाईंनी आयुष्यात दुसरं काहीही केलं असतं. त्यांना घराच्या भिंती खायला उठल्या. समोरच्या खुर्चीवर उशी, उशीवर पाय, आणि फोन कानाला. कारखान्यात इतक्या वेळा फोन करायच्या की शेवटी मामा म्हणाले, "बाई, एक हात फोनला अडकला की शिवायला एकच उरतो."

त्यात बघायला येणारी माणसं. नणंद दोन गल्ल्या सोडून राहायची, ती रोज यायची. "एवढीशी तर जखम! आमच्या वेळी लोक खिळे काढून चालायला लागायचे." दुसऱ्या दिवशी ती गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. "शेक जरा, रक्त खेळतं राहील."

"वन्सं, पाय भाजला तर मला कळणार नाही."

"असं कसं कळणार नाही? आपलंच अंग ना?"

हाच प्रश्न त्या स्वतःला रोज विचारत होत्या आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की मात्र त्यांना ओरडावंसं वाटायचं. पिशवी नवऱ्यानं उचलून नेली आणि ओट्यावर ठेवली.

झिपरीही एकदा येऊन गेली. बटणांचे नमुने दाखवायला. बाईंच्या मनात तिला काहीतरी बरं बोलावं असं होतं. तोंडातून निघालं, "केस तरी बांधून यायचं होतंस." मग थोड्या वेळानं, "त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले."

झिपरीनं नमुने गोळा करून पिशवीत भरले. "सगळ्यांसमोर बोललात बाई. आता इथे एकटीला सांगून काय?"

ती गेल्यावर बाई उठल्या आणि तशाच स्वयंपाकघरात गेल्या, पाणी प्यायला. बूट खुर्चीपाशीच राहिला. तो घालायचा म्हणजे तीन पट्टे आवळायचे, काठी शोधायची. तोवर तहान मरून जाते. आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. नवरा बाहेर गेला की चार पावलं स्वयंपाकघरापर्यंत, चार पावलं गॅलरीपर्यंत. दुखत तर काहीच नव्हतं.

पुढच्या ड्रेसिंगला डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. जखम भरायच्या ऐवजी कडेनं जाड झाली होती आणि मधे खोल. त्यांनी बूट उचलून उलटा केला, तळ बघितला.

"बुटाचा तळ कोरा करकरीत आहे. जखम मात्र चालून आलीय."

बाई सोडलेल्या पट्टीचा धागा बोटाला गुंडाळू लागल्या.

"आता हाडापर्यंत गेलंय का ते बघावं लागेल. गेलं असेल तर मग नुसत्या पट्टीनं भागणार नाही. मी घाबरवत नाहीये. पण टाच गेली तर चालणं कठीण होतं."

नवा एक्स-रे काढला, पण त्याचा निकाल यायचा होता. दोघं घरी आले. दार लागलं आणि बाईंचा बांध फुटला.

"तुम्ही रोज बघत होतात ना पाय? रोज! टॉवेल काय, स्टूल काय! मग सुई दिसली नाही कशी? चष्मा कशाला घातलाय नाकावर?"

नवरा शांत माणूस. आयुष्यभर टपाल कचेरीत खिडकीमागे बसून लोकांचं ऐकून घेतलेला. घरातही त्याचा आवाज कधी चढला नव्हता. तो आज चढला.

"तू पाय हातात देतेस कधी? उपकार केल्यासारखा पुढे करतेस आणि मी बोटं मोजेपर्यंत ओढून घेतेस! टाच बघितलीच नाही मी कधी, तू बघू दिली नाहीस! आणि आता बूट न घालता घरभर फिरतेस, मला काय कळत नाही? फरशीवर पट्टीचे धागे पडलेले असतात. मीच उचलतो ते!"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की तू असं बघतेस. आता बघतेयस ना, तसं!"

तो आतल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. बाई सोफ्यावर बसून राहिल्या. रडू येईल असं वाटलं, पण तेही येईना. त्यांना सगळ्यांचाच राग येत होता. डॉक्टरांचा, नवऱ्याचा, नणंदेचा, त्या सुई बनवणाऱ्याचाही. आणि सगळ्यात जास्त त्या उशीवरच्या पायाचा, जो तिथे निर्लज्जासारखा पडून होता आणि काही सांगत नव्हता.

बऱ्याच वेळानं त्यांनी हाक मारली. "अहो."

आतली कॉट करकरली.

"अहो, बूट द्या जरा इकडे. आणि हे पट्टे कसे आवळायचे ते दाखवा. मला ते जमत नाहीत. खरंच जमत नाहीत."

तो बाहेर आला. खाली बसून त्यानं एकेक पट्टा सावकाश आवळून दाखवला.

हाडापर्यंत पोहोचलं नव्हतं. थोडक्यात वाचलं, असं डॉक्टर म्हणाल्या, आणि बाई मग खरोखर बसल्या. आनंदानं नाही. दात ओठ खात बसल्या.

त्यात पडद्याचा घोळ झाला. मखमल शिवून झाली की आधी टांगून ठेवायची, तिच्या वजनानं ती खाली उतरते, आणि मग खालची दुमड घालायची. हे बाईंनी फोनवर शंभरदा सांगितलं होतं. पण उद्घाटनाची घाई, हॉलमध्ये टांगायला एवढी उंची नाही, म्हणून मामांनी आधीच दुमड घातली. नाट्यगृहात पडदा चढवला आणि दुसऱ्या दिवशी डावी बाजू चार बोटं खाली येऊन जमिनीवर लोळू लागली.

"मी असते तर..." बाई फोनवर म्हणाल्या.

"तुम्ही असतात तर आम्हाला जिवंत सोडलं नसतं," मामा म्हणाले. "सांगा आता काय करू."

बाईंनी सांगितलं. उसवायचं कुठून, खुणा कुठल्या उजेडात करायच्या, टाका केवढा घ्यायचा. शिडीवर झिपरी चढली होती. फोन तिच्या खांद्यावर दाबलेला, आणि बाई घरी सोफ्यावर डोळे मिटून तो पडदा बघत होत्या. "आता हात कुठे आहे तुझा? कडेपासून वीतभर? मग तिथे धर. ओढू नकोस गं!" काम झालं. वेळेत झालं. उद्घाटनाचं आमंत्रण आलं होतं, पण नाट्यगृहाला पायऱ्या फार आणि डॉक्टरांची परवानगी नाही. संध्याकाळी नवरा एकटाच जाऊन आला. "पडदा छान उघडला," त्यानं सांगितलं. बाईंना तो उघडताना लव कुठल्या बाजूनं चमकली ते विचारायचं होतं. पण त्याला काय कळणार, म्हणून विचारलं नाही.

जखम भरली तोवर ऋतू बदलला होता. डॉक्टरांनी टाचेवरून अंगठा फिरवला.

"बंद झाली."

"मग सुटले मी?"

"जखमेतून सुटलात. पाय तोच आहे." आणि मग पुन्हा तीच यादी, कोपर, बेचक्या, बुटात हात. बाईंनी ती मुकाट्यानं ऐकून घेतली, पण त्यांच्या चेहऱ्यावर कुणी फुकट राबवून घेतल्यासारखा भाव होता.

कारखान्यात त्या परत गेल्या त्या दिवशी दारात थांबल्या. आतल्यासाठी म्हणून वेगळे, मऊ तळाचे बूट आणले होते; ते पिशवीतून काढून आधी आत हात फिरवला, मग पायात घातले. सगळे बघत होते.

"बघताय काय? आजपासून सगळ्यांनी आत वेगळं काहीतरी घालायचं. स्वच्छ. बाहेरचं नाही. आणि सुई मोडली की दोन्ही तुकडे मला दाखवायचे. नाही सापडला तर काम थांबवून शोधायचं." मग झिपरीकडे वळून, आवाज जरा जास्तच मोठा करून त्या म्हणाल्या, "त्या दिवशी हिचा काही दोष नव्हता. मी हिला खोटारडी म्हणाले. ते चुकलं."

झिपरीनं मान हलवली आणि मशीन सुरू केलं. तेवढंच. बाईंना आणखी काहीतरी होईल असं वाटलं होतं.

पुढचे काही महिने असेच गेले. सकाळी स्टूल, टॉवेल, आता बॅटरीही. बाई पाय ओढून घेत नसत, पण छताकडे बघून उसासे टाकत. घड्याळाचे काटे त्या वेळी हटकून हळू चालतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

मग एका सकाळी नवरा म्हणाला, "थांब."

"काय आता?"

"हा पाय नाही, दुसरा. करंगळीच्या बाजूला. फोड आहे."

"केवढा?"

"वाटाण्याएवढा. नाही, जरा लहान."

"फोडा मग टाचणीनं आणि द्या सोडून. आज कापायला माल येणार आहे."

नवऱ्यानं पाय सोडला नाही, बॅटरीही विझवली नाही. बाईंनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग किल्ल्या टेबलावर आपटल्या आणि मामांना फोन लावला. "मी उशिरा येईन. नाही, काही झालेलं नाही. होऊ नये म्हणून जातेय. हसू नका."

दवाखान्यात ही गर्दी. त्यांच्या आधी एक खोकणारे आजोबा, एक रडणारं मूल आणि एक तरुणी, जिचं सगळं घर तिच्यासोबत आलेलं. बाई बूट काढून, पाय स्टुलावर ठेवून, हाताची घडी घालून बसल्या.

"वाटाण्याएवढ्या फोडासाठी अर्धा दिवस," त्या पुटपुटल्या.

"वाटाण्याहून लहान," नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा."

आतून डॉक्टरांनी त्यांना पाहिलं आणि भुवया उंचावल्या. "काय झालं? आज तर तारीख नव्हती."

"यांना विचारा," बाई म्हणाल्या. "यांना फोड सापडलाय. सकाळपासून चेहरा बघा कसा झालाय, जसं काही सोनं सापडलं." पण डॉक्टरांनी पाय हातात घेतला तेव्हा त्या टेबलाच्या कडेला घट्ट धरून बसल्या, आणि डॉक्टर फोड तपासून "वेळेवर आलात, बुटाची ही बाजू घासतेय" म्हणेपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला होता.

बाहेर आल्यावर त्यांना नवे बूट घ्यायला जायचं होतं, आजच, लगेच. माल येऊन पडला असणार. बाई गाडीत बसल्या, दार जोरात ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "चला. पण दुकानात तुम्ही बोलायचं. मी बोलले तर तो विकणारच नाही."